बिबट्या, ऊस, वस्ती आणि नकाशा : आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात गावातल्या पोरापोरींना सोबत घेऊन नि वनविभागाच्या वनरक्षकांबरोबर बसून बिबट्याचे नकाशे करतो. गावात गेलं की तेच तेच प्रश्न येतात, फोनवरही तेच, म्हणून सगळं एकदा लिहून काढलंय. काही उत्तरं लांबलीत, कारण विषयच तसा आहे.

नकाशा म्हणजे नक्की काय करता? गुगलवर सगळं गाव दिसतंच की.

गुगलवर गाव दिसतं, रस्ता दिसतो, विहीर दिसते. पण तुमच्या बांधावर मागच्या महिन्यात कुणाची शेळी गेली, कुठल्या गटात सध्या पुरुषभर ऊस उभाय, शाळेची पोरं कुठल्या चारीवरून येतात, गोठ्याला दार आहे का नुसता कूड आहे, हे गुगलला माहीत नाही. आम्ही हे एकेक थर वेगवेगळे करतो आणि एकमेकांवर ठेवून बघतो. ऊसाचा थर, ओढ्याचा थर, वस्तीचा थर, घटनांचा थर. संगणकावर याला लेयर म्हणतात. एकेकटा थर बघितला तर त्यात फारसं काही नसतं, पण एकावर एक ठेवले की काही गोष्टी अशा दिसतात की गावातली माणसंच म्हणतात अरे हे आपल्या ध्यानातच आलं नव्हतं.

बिबट्या ऊसात राहतो हे आम्हाला वीस वर्षांपासून माहितीये. त्यात नवीन काय सांगणार?

बरोबर आहे, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहितीये. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही पाच धरणं झाली, कालवे आले, बाजरी-मटकीच्या जागी ऊस आला आणि ऊसाबरोबर बिबट्याला बारमाही लपण मिळालं. कालव्याची रेघ नि घटनांचे ठिपके एकत्र लावले तर ठिपके कालव्याच्या खालच्या अंगाला गर्दी करतात. हे कुणी सांगायला नको.

पण एक उदाहरण देतो. एका गावात आम्ही बिबट्या समोर आल्याच्या नोंदी वेळेप्रमाणं रंगवल्या, तर रात्री दहा ते पहाटे पाचच्या सगळ्या नोंदी दोन-तीन ठरावीक भागातच पडत होत्या, बाकी गावात रात्रीच्या नोंदी जवळपास नाहीतच. आधी वाटलं बिबट्याचा माग तिकडून असेल. मग एक काकू म्हणाल्या, अहो तिकडं लाईट रात्रीची असते. म्हणजे त्या फीडरला, विजेच्या त्या वाहिनीला, थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीला, म्हणून माणसं रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातात, आणि बाकीच्या गावात त्या आठवड्यात लाईट दिवसाची. बिबट्या सगळीकडंच फिरत होता, अंधारात ऊसाच्या सरीत वाकून पाणी धरणारा माणूस मात्र तेवढ्याच भागात होता. आता हे नकाशावर आल्यावर प्रश्न बदलतो ना? मग पिंजरा मागण्याआधी त्या फीडरला दिवसा वीज मागावी लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत फीडर सोलरवर नेऊन दिवसा वीज द्यायचीय, तर कुठले फीडर आधी घ्यायचे हे ठरवायला असा नकाशा ग्रामसभेच्या ठरावाला जोडता येतो. माझ्या मते आमच्या सगळ्या कामातला हा सगळ्यात उपयोगी नकाशा, आणि त्यात बिबट्याचा अभ्यास निम्माच आहे.

ही माहिती गोळा कशी करता?

चार-पाच वाटांनी. वनविभागाचे पंचनामे, कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे), ओढ्यातले नि पायवाटेवरचे ठसे, विष्ठा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे गावातली माणसं.

गावातल्या माणसांकडून माहिती घ्यायची आमची पद्धत सांगतो. सुरुवातीला आम्ही मोबाईल ॲप घेऊन गेलो होतो, पोरांनी दोन दिवस भरलं नि सोडून दिलं. मग गावाच्या उपग्रह फोटोचा मोठा फ्लेक्स छापला आणि दूध डेअरीच्या भिंतीला लावला, कारण तिथं सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातलं कुणीतरी येतंच. सोबत बांगड्यांच्या दुकानातून आणलेली टिकल्यांची पाकिटं टांगली. जनावर गेलं तर लाल टिकली, नुसता दिसला तर हिरवी, ठसे दिसले तर काळी, आणि टिकलीशेजारी पेनानं तारीख. पहिल्या आठवड्यात फक्त बाप्येच लावत होते नि सगळ्या टिकल्या रस्त्याच्या नि पाराच्या आसपास. मग बचतगटाच्या मीटिंगला तोच फ्लेक्स जमिनीवर अंथरला. बायकांनी पाऊण तासात जे दाखवलं ते आमच्या कुठल्याच कागदात नव्हतं: गवत कापायला कुठं वाकून बसतात, पहाटे अंधारात परसाकडं कुठं जावं लागतं, पोरी क्लासवरून सायकल कुठल्या आडवाटेनं आणतात. एका आजीनं तर फ्लेक्सवरचा ओढा बोटानं पुसून पुसून बघितला आणि म्हणाली हा तुमचा ओढा चुकलाय, पाच-सहा वर्षांमागं जेसीबी लावून सरळ केला तो, जनावर अजून जुन्याच वळणानं येतं. आम्ही जाऊन बघितलं तर जुन्या वळणाला करंजाची नि घाणेरीची जाळी तशीच होती आणि त्यात ठसे होते.

पंचनाम्याबद्दल एक अडचण आहे ती मोकळेपणानं सांगितली पाहिजे. बऱ्याच जुन्या पंचनाम्यात जागा म्हणून नुसतं गावाचं नाव असतं. शेळी मेली मळ्यात, गावठाणापासून अडीच किलोमीटरवर, पण मालकाचा पत्ता गावठाणाचा. असे सगळे कागद संगणकात भरले की सगळे ठिपके गावाच्या मधोमध एकावर एक बसतात नि वाटतं बिबट्या मारुतीच्या देवळापाशीच राहतो. म्हणून आमचं प्रत्येकाला एकच म्हणणं असतं, पंचनाम्यात गट नंबर लिहून घ्या आणि मोबाईलवरून जागेचे आकडेही, म्हणजे अक्षांश-रेखांश. दोन मिनिटांचं काम आहे.

जिथं जास्त ठिपके तिथं जास्त बिबटे, असंच ना?

नाही. या एका गैरसमजामुळं लई नुकसान होतं म्हणून जरा थांबून सांगतो.

ठिपका म्हणजे तिथं बिबट्या होता आणि तिथं बघणारा माणूसही होता आणि त्या माणसानं ते कुणालातरी सांगितलं. या तिन्हीपैकी एक गोष्ट नसली तरी ठिपका पडत नाही. हायवेजवळच्या, मोबाईलला रेंज असलेल्या, ज्यांचा पोरगा व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे अशा वस्तीवरून दहा फोन येतात, आणि डोंगराच्या कडेच्या ठाकरवाडीतून एकही येत नाही. तिथं बिबट्या नाही असं थोडंच आहे! तिथली माणसं फोन करत नाहीत, कारण मागं कधी केला तेव्हा कुणी आलं नव्हतं. मेंढपाळांचं तर अजून वेगळं, ते आज इथं उद्या तिथं, वाड्यावरून कोकरू उचललं गेलं तरी पंचनाम्याला थांबले तर पुढचा मुक्काम चुकतो.

म्हणून आम्ही ठिपक्यांबरोबर अजून एक थर ठेवतो, आम्ही स्वतः कुठं कुठं जाऊन विचारलं त्याचा. जिथं विचारलंच नाही तो भाग नकाशावर करडा ठेवायचा, हिरवा करायचा नाही. हिरवा बघितला की माणूस निर्धास्त होतो, आणि चूक आमची असते पण भोगायची त्याला लागते.

मग आमच्या तालुक्यात बिबटे किती, तो आकडा तरी सांगा.

तालुक्याचा ठाम आकडा नुसत्या ठिपक्यांवरून कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. २०२२ च्या देशपातळीवरच्या अंदाजात भारतात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरलेत, पण ती मोजणी मुख्यत्वे जंगलातली, ऊसाच्या शिवारातले बिबटे त्यात नीट येत नाहीत. शेतातले मोजायचे तर कॅमेरा ट्रॅप लावावे लागतात, आणि एका जागी दोन कॅमेरे समोरासमोर, कारण बिबट्याच्या डाव्या नि उजव्या अंगाचे ठिपके वेगळे असतात आणि त्यावरूनच हा तोच की दुसरा ते कळतं.

असं काम अकोले तालुक्यात झालंय. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ते प्रसिद्ध केलं. चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात अशा शेतीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागं साधारण ४.८ मोठे बिबटे निघाले. हे सगळं अभयारण्याच्या बाहेर. त्याच भागात विष्ठा तपासून बिबट्या खातो काय तेही बघितलं, तर वजनाच्या हिशोबानं सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. तेव्हापासून आम्ही उकिरडे, कोंबड्यांच्या पोल्ट्रीची मेलेली पाखरं टाकायच्या जागा, मटणाच्या दुकानामागचे खड्डे यांचा वेगळा थर करतो. जिथं कुत्री जमतात तिथं बिबट्या येतोच, आणि कचरा उचलणं हे तर ग्रामपंचायतीच्या हातातलं काम आहे.

सॅटेलाइटवरून बिबट्या दिसतो का?

नाही दिसत. आम्ही सेंटिनेल-२ या उपग्रहाचे फुकट मिळणारे फोटो वापरतो, त्यातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर असतो. त्यात बिबट्या सोडा, बैलगाडीही दिसणार नाही. पण ऊस दिसतो, आणि तोच तर बघायचा असतो.

यात एक फसगत आहे. उपग्रहाच्या नजरेला हिरवं ते हिरवं. आडसाली ऊस आणि झाडोरा एकाच तारखेच्या फोटोत जवळपास सारखे दिसतात, त्यामुळं एकाच फोटोवरून केलेल्या नकाशात ऊसाचे पट्टे जंगल म्हणून रंगवलेले मी डोळ्यानं बघितलेत. उपाय म्हणजे वर्षभराचे फोटो लावून बघायचे. हा फोटो साधारण पाच दिवसांनी नवीन मिळतो. झाडोरा उन्हाळ्यात हळूहळू सुकतो नि पावसात हळूहळू हिरवा होतो, ऊस मात्र तोडणी झाली की एकदम खाली येतो, कड्यावरून पडल्यासारखा. ती पडण्याची तारीख मिळाली म्हणजे तोडणीची तारीख मिळाली. पावसाळ्यात ढगांमुळं काही दिसत नाही, तेव्हा सेंटिनेल-१ च्या रडारचे फोटो कामाला येतात, ते ढगातून पार बघतात.

तोडणीची तारीख एवढी महत्त्वाची का? ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत कारखाने चालू असतात, टोळ्या येतात, एका शिवारातला दहा-दहा एकर ऊस आठवड्यात जमिनीसरशी होतो. त्यातली मादी पिल्लं घेऊन शेजारच्या उभ्या फडात सरकते. तोडकरी माणसं कोप्यांमध्ये राहतात, ना दार ना भिंत, लहान पोरं पाचटावर झोपलेली. म्हणून पुढच्या पंधरवड्यात कुठं तोडणी आहे, शेजारी कुठला फड उभा राहणार आहे आणि कोप्या कुठं पडल्यात, हे तीन थर एकत्र बघून कोप्यांची जागा हलवायला सांगता येते. आपण ज्यांच्या जिवाचं बोलतोय त्यांचं या गावच्या सातबाऱ्यावर नाव नाही नि ग्रामसभेत आवाज नाही, म्हणून हे मला फार लागतं.

रेडिओ कॉलर लावून काय कळलं आजवर?

सगळ्यात आधी तर हे कळलं की आपण आखलेल्या हद्दी जनावरांना माहीत नसतात.

२००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढून, जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटाच्या भागात सोडला. आजोबा म्हणून पुढं तो सगळ्यांना माहीत झाला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या नॅशनल पार्कच्या परिसरात पोचला, वाटेत रेल्वेलाईन, हायवे, गावं सगळं ओलांडून, आणि वाटेत कुणालाही काही केलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये रस्त्यावर गाडीच्या धडकेत तो गेला.

वाघाचं म्हणाल तर यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर, टी१ सी१, ज्याला पेपरवाल्यांनी वॉकर म्हटलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलर लागली, जूनमध्ये तो निघाला, तेलंगणातून फिरून मराठवाडा-विदर्भाचे जिल्हे पार करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. कॉलर निघेपर्यंत एकूण तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. त्याचे बिंदू जोडून बघा, बहुतेक वाट कपाशी-तुरीच्या शेतातून, नाल्याच्या काठानं, रात्रीची आहे. म्हणजे कागदावर जिथं जंगल संपतं तिथून पुढं जे उरतं, नाला, बाभूळबन, गायरान, त्याच्याच आधारानं तो गेला. आपण गायरानात अतिक्रमण झालं किंवा नाला पाईपात घातला की नकाशावर केवढी बारीक रेघ पुसतो, पण त्याला तेवढीच होती.

भ्रमणमार्ग नकाशावर कसा काढतात? अंदाजेच ना?

अंदाज असतो पण त्याला हिशोब असतो. सगळ्या भूभागाचे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनाला जनावराच्या दृष्टीनं त्रास किती याचा आकडा द्यायचा, म्हणजे दाट झाडी कमी त्रास, शेत मध्यम, चार लेनचा रस्ता फार, शहर त्याहून जास्त. मग या टोकापासून त्या टोकाला सगळ्यात कमी त्रासाची वाट कुठली ते सॉफ्टवेअर काढतं. दुसरी एक रीत विजेच्या सर्किटसारखी आहे, सगळ्या शक्य वाटांनी प्रवाह सोडायचा आणि कुठं तो अरुंद होऊन जोरात जातो ते बघायचं, ती जागा म्हणजे चिंचोळी, तिथं एक लेआउट पडला तरी वाट बंद. मला ही दुसरी रीत जास्त पटते कारण वाघ काही एकाच रेघेवरून चालत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१४ मध्ये देशातले ३२ मोठे भ्रमणमार्ग असे मांडलेत.

पण आकडे देणारी माणसं ऑफिसात बसून आकडे देत असतील तर नकाशा खोटा होतो. कुत्री किती, तार कुंपणाला करंट सोडतात का, हे उपग्रहाला दिसत नाही.

याचा उपयोग झालेलं ठिकाण बघायचं असेल तर पेंच व्याघ्र प्रकल्प. नागपूर-जबलपूर रस्ता, आताचा एनएच ४४, चौपदरी करताना कोर्टकचेऱ्या झाल्या, वेळ गेला, आणि शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला रस्ता उचलून खालून जनावरांसाठी नऊ जागा सोडल्या, त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटर. २०१९ मध्ये खाली कॅमेरे लावून बघितलं तर १८ प्रकारचे वन्यप्राणी आणि ११ वेगवेगळे वाघ तिथून जाताना सापडले. वाट जिथं आहे तिथंच भुयार ठेवलं तर जनावर वापरतं, हे तिथं दिसलं. एखाद्या रस्त्यावर आधीच मोरी आहे म्हणून तिथंच प्राण्यांचा मार्ग दाखवून टाकला तर पैसे खर्च होतात आणि सांबर वरूनच उडी मारून गाडीखाली येतं.

सगळे पकडून लांब जंगलात का सोडत नाही?

हा प्रश्न ज्यांच्या घरात कुणी गेलंय ती माणसं विचारतात तेव्हा उत्तर देताना जीभ जड होते. तरी सांगायला पाहिजे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर विभागात मोठ्या संख्येनं बिबटे पकडून दुसरीकडं सोडले गेले. पुढं त्याचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की जिथं सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. पकडलेला, भेदरलेला, अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या घराकडं चालत सुटतो, आणि इकडं रिकामी झालेली जागा दुसरा घेतो, बऱ्याचदा तरणा नि नवखा. कुठून पकडला, कुठं सोडला आणि पुढं दोन्हीकडं काय झालं हे नकाशावर लावलं तरच हे दिसतं. माणसावर हल्ला करणारा ठरावीक बिबट्या पकडायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. त्यासाठी पिंजरा कुठं लावायचा हे ठरवताना ठसे, घटना नि उभा ऊस यांचा नकाशा कामी येतो. पिंजरा गाडी जिथं पोचते तिथं लावून ठेवला तर भलताच बिबट्या अडकतो.

तोडणीत पिल्लं सापडली तर?

हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा, आणि नेमकी जागा खूण करून ठेवा, काठी रोवा, फडकं बांधा, मोबाईलवर लोकेशन घ्या. पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवली की बहुतेकदा मादी येऊन घेऊन जाते, जुन्नर भागात हे कितीतरी वेळा झालंय. जागा दोन सरी इकडं-तिकडं झाली तर चालेल, पण दुसऱ्याच फडात ठेवली तर मादी रात्रभर शोधत फिरते नि चिडलेली असते, मग सकाळी तिथं पाणी धरायला जाणाऱ्याचं काय.

आमच्याकडं ऊस नाही, माळरान आहे. तुमचं काम आमच्या काय कामाचं?

तुमच्याकडं तर नकाशानंच जास्त घोळ घातलाय. सासवड, सुपे, सोलापूरकडचा माळ बघा. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा यांचं घर, धनगरांची चराई, आणि सरकारी नकाशात रंग पडीक जमिनीचा. पडीक लिहिलं की पुढं सगळं सोपं होतं, खड्डे काढून झाडं लावा, नाहीतर कुणाला तरी प्रकल्पाला द्या. झाडं लावली तरी लांडग्याचं घर जातंच, हे लोकांना पटत नाही.

दुसऱ्या टोकाची चूक पण झालीय. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात जे अभयारण्य जाहीर झालं ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात शेतं, गावं, अख्खी शहरं आली. माणसांना घरदुरुस्तीची परवानगीही अवघड झाली आणि पक्ष्यावर राग निघाला. नंतर हद्द कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. गवताळ तुकडे कुठं आहेत ते आधी पायी फिरून नोंदवून मग रेघ मारली असती तर मधली कितीतरी वर्षं माणसाचं नि पाखराचं भांडण लागलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

बिबट्या दिसला की लोकेशन ग्रुपवर टाकू का?

आसपासच्या वस्तीला फोन करून जरूर सांगा. पण नेमकं लोकेशन मोठ्या ग्रुपवर नको. तासाभरात पन्नास मोटारसायकली जमतात, कडं करतात, आरडाओरडा होतो, आणि कोंडलेलं जनावर समोर येईल त्याच्यावर जातं. शिकाऱ्यांचा धोका वेगळाच. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेलवर यायची त्यात शिरायचा प्रयत्न झाला होता, आणि तो पुण्याहून झाल्याचं तेव्हा समोर आलं होतं. आम्ही लोकांसाठी जो नकाशा छापतो त्यात बिंदू देत नाही, एक किलोमीटरचे चौकोन रंगवतो. गुहा आणि पिल्लांच्या जागा तर कुठल्याच छापील कागदावर नसतात.

मोबाईलवर आधीच सूचना मिळेल असं काही आहे का?

तमिळनाडूत अन्नामलाईच्या डोंगरात वालपराई आहे, चहाच्या मळ्यांचं २२० चौरस किलोमीटरचं पठार, तिथं हत्ती नि मजूर एकाच वाटेवर. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी तिथं वर्षानुवर्षं हत्तीच्या वाटा नोंदवल्या आणि लक्षात आलं की बरीच माणसं हत्ती जवळ आहे हे माहीत नसल्यामुळंच मेली, बसमधून उतरून अंधारात घरी जाताना. मग लोकल केबल टीव्हीवर खाली पट्टी, त्या भागातल्या फोनवर मेसेज, आणि मोक्याच्या जागी लाल दिवे, जे मोबाईलवरून पेटवता येतात. दिवे कुठं लावायचे ते नकाशानं ठरवलं. दिवा सांभाळायचं काम तिथल्याच माणसाकडं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडं कर्नाटकातून हत्ती येतात, तिथं हे जमण्यासारखं आहे.

बिबट्याचं अवघड आहे कारण तो कळपानं येत नाही नि आवाज करत नाही. आमच्याकडं रोज रात्री सूचना पाठवली तर चौथ्या दिवशी लोक वाचायचे बंद होतात. म्हणून आम्ही हंगामाप्रमाणं सांगतो, तोडणी सुरू झाली, या या वस्त्यांनी शेळ्या आत बांधा, एवढंच.

आम्हाला स्वतः करायचंय. सॉफ्टवेअर महाग असतं ना?

क्यूजीआयएस फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. शेतात माहिती भरायला क्यूफील्ड किंवा कोबो, दोन्ही रेंज नसताना चालतात. उपग्रह फोटो फुकट, इस्रोचं भुवन आहे, गटाच्या हद्दी महाभूनकाशावर बघता येतात.

नव्या पोरांच्या चुका मात्र ठरलेल्या असतात, त्या आधीच सांगतो. पहिली, अंश-मिनिटांची. कुणी कागदावर १९ अंश १२ मिनिटं लिहितं नि संगणकात भरणारा १९.१२ भरतो. १९ अंश १२ मिनिटं म्हणजे १९.२०. फरक दिसायला बारीक पण जमिनीवर जवळपास नऊ किलोमीटर, घटना एका गावची नि ठिपका दुसऱ्याच. दुसरी, अक्षांश-रेखांश उलटे भरले तर जुन्नरचा बिबट्या नॉर्वेच्या वरच्या समुद्रात जातो, ती चूक निदान लगेच दिसते. तिसरी विदर्भातल्या मंडळींसाठी. मीटरमध्ये मोजायच्या नकाशासाठी पृथ्वीचे जे उभे पट्टे पाडलेत त्यांना यूटीएम झोन म्हणतात, महाराष्ट्र अशा दोन झोनमध्ये येतो, ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ४३ आणि पूर्वेला ४४. टिपेश्वर ४४ मध्ये, ज्ञानगंगा ४३ मध्ये, तेव्हा अंतर-क्षेत्रफळ काढताना बघून करा. आणि उंच ऊसात मोबाईलचा जीपीएस दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं करतो, बांधावर येऊन आकडा घ्या नि अंतर-दिशा लिहा.

ड्रोन घेऊ का?

घाईनं नको. उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्याचा ड्रोन पहाटे गार हवेत उपयोगी पडतो, ऊन तापलं की सगळं शिवारच तापलेलं दिसतं. परवानगी लागते, आणि त्या पैशात पंधरा-वीस गोठ्यांना जाळी बसते.

नकाशामुळं भरपाई लवकर मिळते का?

नकाशानं पैसे मिळत नाहीत, पंचनाम्यानं मिळतात. पण गट नंबर, आकडे, तारीख-वेळ असलेला फोटो आणि आसपासच्या ठशांची नोंद असली की कुत्र्यानं मारलं का बिबट्यानं, हा वाद कमी होतो. मेलेलं जनावर ओढून हलवू नका, पंचनाम्यासाठीही आणि नकाशासाठीही.

एकदा नकाशा केला की झालं ना?

नाही हो. डेअरीवरचा आमचा पहिला फ्लेक्स अजून ठेवलाय. त्यात ज्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त लाल टिकल्या होत्या तिथला ऊस मोडून यंदा कांदा लावलाय, दोन गोठ्यांना जाळी लागली, एका वस्तीवर सोलरचा दिवा आला. तिकडं या हिवाळ्यात दोनच लाल टिकल्या पडल्या. पण ओढ्याच्या पलीकडं, जिथं आधी नुसता माळ होता, तिथं शेततळं झालंय, पाईपलाईन गेलीय आणि सहा एकर नवा ऊस उभाय. परवा डेअरीत दूध घालायला आलेल्या एका पोरीनं त्या जागेला पहिली काळी टिकली लावली, शेजारी तारीख टाकली आणि खाली लिहिलं, ठसा मोठा नाही, पण सोबत दोन बारके आहेत.